अनुदानाचा अर्ज कोण करू शकतं, आणि पैसे कोणाच्या खात्यावर येतात?

पत्र :

सर, मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. पीएच.डी. आपल्याच विद्यापीठातून, मराठीत केली. विषय होता ऊसतोड मजुरांची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. आता तेच काम पुढं न्यायचं आहे. दोनशे कोयत्यांचा, म्हणजे तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांचा, दोन हंगाम पाठपुरावा करायचा : मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल किती घेतली, तोडीतून किती फिटली, बाकी पुढच्या वर्षावर कशी चढली. पदरच्या पैशानं हे होणार नाही. विकासाच्या अर्थशास्त्रासाठी परदेशी अनुदानं असतात म्हणून जाहिराती वाचते, पण पात्रतेचा भाग आला की अडते. कॉलेजात विचारलं तर 'आपल्याला कोण देतंय' एवढंच उत्तर. मी खरंच अर्ज करू शकते का? माझ्या यजमानांची नोंदणीकृत संस्था आहे, तिच्या खात्यावर पैसे आणले तर? आणि माझी एम.ए.ची एक विद्यार्थिनी आहे, तिचे आईवडील अजून तोडीला जातात. तिला स्वतःच्या नावावर काही मिळेल का?
— एक प्राध्यापिका, बीड जिल्हा

उत्तर :

नमस्कार मॅडम,

अर्ज तुम्ही करू शकता. फक्त तुम्ही ज्या जाहिराती वाचताय, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एकटीनं करू शकत नाही. आणि त्याचं कारण तुमचा मराठीतला प्रबंध किंवा तुमचं विद्यापीठ हे नाही. ते मनातून काढून टाका.

पात्रता म्हटलं की आपण स्वतःकडे बघतो : माझं शिक्षण, माझे शोधनिबंध, माझं इंग्रजी. देणारे मात्र आधी वेगळंच बघतात. पैसे कोणत्या संस्थेच्या खात्यावर जाणार, त्या संस्थेला ते कायद्यानं घेता येतात का, हिशेब कोण देणार. मी छाननीच्या बैठकांना बसलो आहे. चांगले प्रस्ताव विषयावरून बाद होताना मी क्वचित पाहिले. संस्थेचं पत्र नाही, मान्यता नाही, जुना हिशेब लटकलेला, यावरून बाद झालेले मात्र भरपूर. त्यामुळे 'मी पात्र आहे का' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि आधी 'माझं कॉलेज पात्र आहे का' हे शोधा.

पहिला अर्ज दिल्लीला करा, लंडन-बोस्टनला नंतर. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, १९६९ पासून नेमकं हेच काम करते. तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबईत आहे. परिषदेचे लघु आणि बृहत् असे संशोधन प्रकल्प निघतात. नियमित नोकरीतले, पीएच.डी. असलेले आणि काही प्रकाशित काम असलेले शिक्षक त्यासाठी अर्ज करू शकतात, आणि त्यात महाविद्यालयांतले शिक्षकही येतात. पण महाविद्यालय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातल्या कलम २(एफ) आणि १२(बी) खाली मान्यता मिळालेलं हवं. तुमचं कॉलेज अनुदानित आहे, म्हणजे ही मान्यता असेलच असं गृहीत धरू नका. राज्याचं वेतन अनुदान आणि १२(बी) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक कॉलेजांत ते पत्र नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीत असतं आणि ती फाईल आयक्यूएसीच्या (गुणवत्ता कक्षाच्या) समन्वयकांकडे. प्राचार्यांना 'अनुदान मिळेल का' असं विचारलंत म्हणून तुम्हाला ते उत्तर मिळालं. '१२(बी)च्या पत्राची प्रत हवी आहे' असं मागा. त्यावर 'आपल्याला कोण देतंय' असं कुणाला म्हणता येत नाही.

तुमच्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना यूजीसीचे, म्हणजे त्याच विद्यापीठ अनुदान आयोगाचे, लघु संशोधन प्रकल्प आठवत असतील. एके काळी कॉलेजातल्या शिक्षकाचं पहिलं संशोधन बहुतेक त्याच पैशांवर व्हायचं. त्या ज्येष्ठांना गाठा, पण आठवणी ऐकायला नको. त्यांच्यापैकी कुणाचा जुना प्रकल्प अर्धवट राहिला आहे का, कॉलेजचं एखादं उपयोगिता प्रमाणपत्र कुठं अडकून पडलं आहे का, ते विचारा. सरकारी पैसा हप्त्यानं येतो. खर्च दाखवायचा, लेखापरीक्षण करून घ्यायचं, जीएफआर १२-ए हा नमुना भरून पाठवायचा, की पुढचा हप्ता सुटतो. हे काम तुमच्यापेक्षा कार्यालयातल्या लेखापालांच्या हातात जास्त असतं. अर्ज भरायच्या आधी त्यांच्यासोबत एकदा निवांत चहा घ्या, पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसा ज्या ऑनलाइन यंत्रणेतून येतो तिच्यावर, कॉलेजची नोंदणी आहे का ते बघा. प्रकल्प मंजूर होऊन पैसे सहा महिने खात्यावर पडून राहिले आणि तोवर टोळ्या गाव सोडून गेल्या, तर तुमचं अख्खं वर्ष वाया जाईल.

आता परदेशी अनुदानांकडे येऊ. हे सगळं एकाच प्रकारचं आहे असं समजून तुम्ही वाचताय, म्हणून अडताय. प्रत्येकाचं कुंपण वेगळ्या ठिकाणी आहे.

गरिबी कमी करणाऱ्या योजनांवर संशोधन करणाऱ्या जे-पॅलचं नाव तुम्ही ऐकलंच असणार. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २००३ साली एमआयटीत ती सुरू केली, आणि बॅनर्जी-डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं नोबेल मिळालं. जे-पॅलच्या वेगवेगळ्या विषयांवरच्या निधीसाठी अर्ज करायचा तर बहुतेक वेळा तिच्या संलग्न संशोधकांपैकी किंवा खास आमंत्रितांपैकी असावं लागतं. पीएच.डी.चे विद्यार्थी करू शकतात, पण त्यांच्या मार्गदर्शक समितीवर असा एक संलग्न संशोधक हवा. म्हणजे तिथं कुंपण ओळखीचं आहे, नागरिकत्वाचं किंवा पदवीचं नाही. दुसरं कुंपण पद्धतीचं. जे-पॅल यादृच्छिक चाचण्यांना पैसे देते : काही गावांना किंवा कुटुंबांना एक योजना द्यायची, काहींना नाही, कुणाला द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं आणि फरक मोजायचा. तुमचा अभ्यास पाठपुराव्याचा आहे. उचलीचा हिशेब लिहून ठेवायची वही निम्म्या टोळ्यांना द्यायची आणि निम्म्यांना नाही, असं काही तुमच्या डोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर केवळ निधी आहे म्हणून चांगल्या प्रश्नाला चाचणीचं सोंग देऊ नका. परीक्षकांना ते पहिल्या पानावर दिसतं.

या सगळ्यात आपल्याकडच्या संस्था नसतात असं नाही. जे-पॅलच्या सुरुवातीच्या गाजलेल्या अभ्यासांपैकी एक मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत झाला. मागे पडलेल्या मुलांना शिकवणाऱ्या 'बालसखी' आपल्या 'प्रथम' या संस्थेच्या होत्या. संस्थेनं काम केलं, संशोधन संशोधकांच्या नावावर गेलं. तिथं ते रीतसर होतं, दोघांच्या भूमिका वेगळ्या होत्या. तुमच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं की नाही, ते पुढं बोलतो.

काही निधी विद्यापीठांच्या नावांवर चालतात. अमेरिकेतला वाइस फंड विकासाच्या अर्थशास्त्राला चांगला पैसा देतो, पण निवडक विद्यापीठांची यादी आहे आणि तिथले प्राध्यापक किंवा पीएच.डी.चे विद्यार्थी असाल तरच बात. तुम्ही त्यावर वेळ घालवू नका. तुमच्या ओळखीत कुणी मराठी मुलगा-मुलगी तिकडं पीएच.डी. करत असेल तर त्यांना सांगा.

काही निधी देशावरून ठरतात, आणि इथं आपले लोक हमखास फसतात. लंडनचं सीईपीआर हे अर्थतज्ज्ञांचं जाळं ब्रिटिश सरकारच्या पैशातून दोन कार्यक्रम चालवत आलं आहे, पेडल आणि स्टेग. पेडल खासगी उद्योगांवर, स्टेग शेतीतून उद्योग-सेवांकडे होणाऱ्या स्थित्यंतरावर. तिथं मोठ्या अनुदानांसोबत लहान, चाचपणीची अनुदानंही निघतात, आणि अर्जदार अमुकच देशाचा हवा असा हट्ट नसतो. वाचून वाटतं, हे तर आपल्यासाठीच. पण भर अल्प उत्पन्न गटातल्या देशांवर असतो, आणि जागतिक बँकेच्या वर्गवारीत भारत त्याच्या वरच्या पायरीवर, निम्न-मध्यम उत्पन्न गटात आहे. तुम्ही पात्र, तुमचा बीड जिल्हा अपात्र, असा प्रकार होऊ शकतो. भारतातल्या अभ्यासाचा निष्कर्ष त्या गरीब देशांना कसा लागू पडतो, हे पटवावं लागतं. हंगामी मजुरांना मध्यस्थानं आगाऊ रक्कम देऊन बांधून घेणं ही गोष्ट काही फक्त आपल्याकडची नाही, तेव्हा मुद्दा अशक्य नाही. पण तो प्रस्तावात शेवटी चिकटवून चालत नाही, पहिल्यापासून विणावा लागतो.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ऑक्सफर्डनं मिळून २००८ साली उभं केलेलं आयजीसी हे आर्थिक वाढीवरचं संशोधन केंद्र त्या मानानं मोकळं आहे. तिथं संशोधक कुठल्या देशाचा आहे यापेक्षा ज्या सरकारला सल्ला द्यायचा त्या सरकारला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो का, हे जास्त बघतात. तुमच्याकडे ती बाजू भक्कम होऊ शकते. राज्यात ऊसतोड कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळ आहे, २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर सरकारनं समिती नेमली होती. म्हणजे विषय शासनाच्या टेबलावर आहेच. महामंडळाचं किंवा साखर आयुक्तालयाचं 'या अभ्यासाचा आम्हाला उपयोग होईल' असं चार ओळींचं पत्र मिळालं, तर तुमच्या प्रस्तावाचं वजन बदलेल.

दिल्लीत बसून दोन संस्था काम करतात, त्या माहीत असू द्या. थ्री-आय-ई ही संस्था योजनांच्या परिणामांच्या मूल्यमापनासाठी पैसे देते, पण व्यक्तीला नाही, संस्थेला. दुसरी जीडीएन, विकासावरच्या संशोधनाला पाठबळ देणारी आंतरराष्ट्रीय संस्था. जपान सरकारच्या मदतीनं तिची पुरस्कार-स्पर्धा चालत आली आहे. ती विकसनशील देशांतल्या संशोधकांसाठी असते, म्हणजे तिथं तुमचा पत्ता तुमच्या बाजूनं उभा राहतो. नैरोबीहून चालणारं पेप हे आर्थिक धोरणावरच्या संशोधनाचं जाळं तर विकसनशील देशांत राहणाऱ्या संशोधकांच्या गटांनाच घेतं आणि गटात स्त्रियांचा वाटा निम्मा असावा असा आग्रह धरतं. एकटीनं अर्ज करण्याऐवजी तुम्ही, शेजारच्या जिल्ह्यातली एखादी समाजशास्त्राची प्राध्यापिका, संख्याशास्त्र येणारा एखादा सहकारी आणि शासनातला एक अधिकारी असा गट जमवलात तर त्यांच्या साच्यात तुम्ही चपखल बसता. या सगळ्या योजना टप्प्याटप्प्यानं चालतात. एखादी फेरी नेमकी ज्या विषयावर असते तो तुमचा नसेल तर पात्र असून उपयोग नाही. तेव्हा गेल्या वर्षीची जाहिरात वाचून निराश होऊ नका आणि हुरळूनही जाऊ नका.

आता यजमानांच्या संस्थेचा प्रश्न. उत्तर नाही असं आहे, आणि ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथं चूक झाली तर ती अर्ज फेटाळण्यावर थांबत नाही.

परदेशातून भारतातल्या संस्थेला येणारी अनुदानाची रक्कम विदेशी अंशदान विनियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली येते. मूळ कायदा २०१० चा, २०२० मध्ये तो बराच कडक झाला. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी आणि ही वेगळी. नोंदणी मिळवायची तर संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिनं आपल्या मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. ते नसेल तर एका ठरावीक कामासाठी गृहमंत्रालयाची पूर्वपरवानगी घ्यायचा मार्ग असतो, पण त्यात देणाऱ्याचं बांधिलकीचं पत्र आधी लागतं. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच यावा लागतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. आणि तुमच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं : २०२० नंतर एका संस्थेनं आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही. पूर्वी मुंबई-दिल्लीतली मोठी संस्था पैसे घ्यायची आणि गावातल्या छोट्या संस्थेला वाटा द्यायची. तो रस्ता बंद झाला. आता मोठ्या संस्थेला सर्वेक्षक स्वतःच्या पगारपत्रकावर घ्यावे लागतात, खर्च स्वतः करावा लागतो.

कुणी तुम्हाला 'थेट तुमच्या बचत खात्यावर पाठवतो' म्हणालं तर तिथंच थांबा. लोकसेवकांनी विदेशी अंशदान घेण्यावर याच कायद्यात बंदी आहे, आणि सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्या माणसानं त्या व्याख्येच्या कडेकडेनं चालून बघू नये. कायद्याचं बाजूला ठेवलं, तरी नवऱ्याच्या संस्थेमार्फत बायकोचा प्रकल्प हे कुठल्याही परीक्षकाला खटकणार. यजमानांच्या संस्थेचा गावांत वावर असेल, लोक विश्वासानं बोलत असतील, तर ती मदत उघडपणे प्रस्तावात लिहा. पैशाचा संबंध ठेवू नका. इतकं केलंत तर पुरे.

मग परदेशी पैसा आणायचा कुणाच्या खात्यावर? तर ज्यांना तो घेता येतो आणि हिशेब देता येतो, अशा संस्थेच्या. पुण्याची गोखले संस्था १९३० पासून आहे, गोरेगावात रिझर्व्ह बँकेनं उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, आणि तुमच्या सगळ्यांत जवळ टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूरचं आवार आहे. तुळजापुरात ग्रामीण विकास शिकवणारी माणसं आहेत, बीडला त्यांच्यासाठी जीप काढावी लागते, विमान नाही. तिथल्या कुणासोबत सहसंशोधक म्हणून अर्ज करणं हा तुमचा खरा रस्ता आहे असं मला वाटतं.

एक जुनं उदाहरण सांगतो. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीचा जो अभ्यास केला, ज्यात २२५० उष्मांकांच्या आहारावरून दारिद्र्यरेषा मोजली, तो १९७१ साली पुण्यातून प्रसिद्ध झाला. पैसा फोर्ड फाउंडेशनचा होता. प्रश्न पुण्यातल्या लोकांचा, संस्था पुण्यातली, नाव त्यांचं. परदेशी पैसा घेतला म्हणजे प्रश्नही परदेशी होतो असं नाही. पण तसं न होऊ देण्याची काळजी करार होण्याआधी घ्यावी लागते.

म्हणून जिथं कुठं हात मिळवाल तिथं पहिल्याच महिन्यात चार गोष्टी लिहून घ्या. तुम्ही सहसंशोधक आहात, 'स्थानिक समन्वयक' नाही. शोधनिबंधावर तुमचं नाव कितवं असेल. जमवलेली माहिती तुम्हाला स्वतंत्रपणे, मराठीत लिहायलाही वापरता येईल. आणि तुमच्या प्रवासाचा खर्च अंदाजपत्रकात आहे. मोठ्या संस्थेतल्या माणसाला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे कदाचित तुमच्याकडूनच कळणार आहे. डोकी सेंटर (डोक्यावरून मोळ्या वाहणारे) आणि टायर सेंटरच्या (बैलगाडीनं ऊस नेणाऱ्यांच्या) मजुरीत फरक काय, वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून आलेले पैसे कुणाच्या हातात जातात, मुकादम बदलला तर जुनी बाकी कोण उचलतं, हे त्यांच्या प्रश्नावलीत नसेल, तुमच्या डोक्यात आहे. ती तुमची भांडवलाची बाजू आहे, फुकट देऊ नका.

त्यांना पहिलं पत्र इंग्रजीत लिहा, एका पानाचं, आणि स्वतःची ओळख शेवटी ठेवा. सुरुवात प्रश्नानं करा. तुमच्या प्रश्नाला एक चांगला धागा राष्ट्रीय नमुना पाहणीतच आहे. २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरित कोणाला म्हणायचं, तर कामासाठी किंवा कामाच्या शोधात एक महिना किंवा त्याहून जास्त, पण सहा महिन्यांहून कमी काळ गावाबाहेर राहिलेल्याला. तुमच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. एखाद्या वर्षी ऊस जास्त, गाळप लांबलं, की त्याच घरातला माणूस व्याख्येच्या बाहेर जाऊ शकतो. पाहणी करणारा गावात आला तेव्हा घराला कुलूप असेल, तर तो भाग आणखी वेगळा. सरकारी आकडेवारी असताना स्वतंत्र सर्वेक्षण कशाला, हा परीक्षकाचा पहिला प्रश्न असतो, आणि याहून नेमकं उत्तर नाही. या पाहण्यांची कुटुंबवार माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की मोफत मिळते. अनुदान मिळेपर्यंत त्यावर एक छोटा निबंध लिहून टाका. प्रकाशित कामाची अट त्यानं थोडी हलकी होईल.

अंदाजपत्रक लिहिताना काटकसर दाखवू नका. लोकांना वाटतं कमी पैसे मागितले की लवकर मिळतात. दोनशे जोड्यांना तुम्ही गावात भेटणार, मग हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात फडाच्या कडेच्या कोपांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर) शोधत जाणार, मग परतल्यावर पुन्हा हिशेब विचारणार. त्यातले कित्येक मधेच टोळी बदलतील, फोन बंद होतील. हा शोधण्याचा खर्चच मुख्य आहे आणि तो नसेल तर जाणकार परीक्षक म्हणेल, या बाईंनी काम कागदावर आखलंय.

नैतिक मान्यतेचं तुम्ही पत्रात काही लिहिलेलं नाही, म्हणून आठवण करतो. परदेशी निधी नैतिक समितीच्या मंजुरीशिवाय सुटत नाही. तुमच्या कॉलेजात अशी समिती नसेल, तर सहभागी संस्थेची चालते. पण तुमच्या विषयात हे केवळ कागद पुरे करणं नाही. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नसेल, तर ते वेठबिगार पद्धती निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याच्या जवळ जातं. तुमच्या वहीत कुणाची बाकी किती आणि मुकादम कोण, हे नावानिशी असेल आणि ती वही कुणाच्या हाती लागली, तर त्रास तुम्हाला होणार नाही, त्या जोडप्याला होईल. नावं आणि आकडे वेगळे कुठं ठेवणार, मुकादमासमोर मुलाखत झाली तर काय करणार, बाईला नवऱ्यापासून वेगळं कधी विचारणार, हे प्रस्तावात लिहा.

मधल्या काळासाठी आणखी एक : रिझर्व्ह बँकेची अर्थशास्त्र-वित्त शिकवणाऱ्या पूर्णवेळ शिक्षकांसाठी अल्पमुदतीची शिष्यवृत्ती असते, तीन महिन्यांच्या प्रकल्पाची. जागा मोजक्याच. सर्वेक्षणाला तिचा उपयोग नाही, पण ग्रामीण कर्जाच्या आकडेवारीवर काम करायचं असेल तर बघा.

तुमच्या विद्यार्थिनीबद्दल. एम.ए.ला असताना स्वतःच्या नावावर संशोधन अनुदान मिळणं जवळपास नाहीच. तिच्यासाठी रस्ता शिष्यवृत्तीचा आहे. नेट-जेआरएफ, म्हणजे यूजीसीच्या परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती, झाली तर प्रश्नच मिटला. नाही झाली आणि विद्यापीठाच्या पेटमधून, म्हणजे प्रवेश परीक्षेतून, पीएच.डी.ला नोंदणी झाली, तर आयसीएसएसआरची डॉक्टरल फेलोशिप आहे. राज्यात प्रवर्गानुसार अधिछात्रवृत्त्या आहेत : अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, आणि इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. वंजारी कुटुंबातली असेल तर महाज्योती. जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेअरची कागदपत्रं आत्तापासून तयार ठेवायला सांगा, जाहिरात आल्यावर तहसीलच्या रांगेत उभं राहून होत नाही. इंग्रजीची भीती गेली तर एमआयटीचा विकास धोरणावरचा ऑनलाइन मायक्रोमास्टर्स अभ्यासक्रम तिनं जरूर करावा. धडे फुकट बघता येतात, आणि पूर्ण प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांना एमआयटीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमालाही अर्ज करता येतो.

तोपर्यंत तिला तुमच्या प्रकल्पात क्षेत्र-अन्वेषक म्हणून घ्या, पगारी. अंदाजपत्रकात तशी जागा असते. तिच्या बायोडेटात आईवडील तोडीला जातात हे दयेपोटी लिहू देऊ नका. अनुभवाच्या रकान्यात लिहायला सांगा : टोळ्यांची आणि मुकादमांची ओळख, कारखाना परिसरातल्या वस्त्यांची माहिती, उचलीचा हिशेब वाचता येतो. सर्वेक्षण करणाऱ्या मोठ्या संस्थांना स्थानिक बोली येणारी माणसं लागतात आणि मिळत नाहीत. फक्त तिच्या स्वतःच्या गावातल्या टोळ्यांच्या मुलाखती तिच्याकडे देऊ नका. बाकीच्या गावांना पाठवा.